वाणातल्या बाटल्या

“परकरांवरसुद्धा लिहायचं का?” माणिकताईंनी विचारलं.

“सगळ्यांवर. तिथे कपडे एकत्र धुतात,” भाऊजी म्हणाले.

रविवारची सकाळ होती. सांगलीतल्या टेलिफोन कॉलनीतलं आमचं घर. हॉलभर सतरंजी पसरली होती, तिच्यावर माझ्या सासूबाईंच्या साड्या, परकर, टॉवेल यांचे ढीग लागले होते आणि माझ्या थोरल्या जाऊबाई माणिकताई काळं मार्कर पेन घेऊन एकेका कपड्याच्या कोपऱ्यावर ‘शेटे’ असं नाव घालत होत्या. वृद्धांच्या त्या केंद्राचा नियमच तसा होता. चहा झाला की आईंना माझ्या थोरल्या दिरांच्या, रमाकांत भाऊजींच्या गाडीत घालून तिकडे सोडून यायचं, असं ठरलं होतं.

“कपाळावर पण घाला नाव,” मी म्हणाले. “माणसंही एकत्रच बसवत असतील तिथे. अदलाबदल नको व्हायला.”

“वैजयंती, आज तरी नको गं,” माणिकताई म्हणाल्या. त्यांचा आवाज कायम साखरेत घोळलेला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला त्या आवाजाचा राग येत आला आहे, आणि आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली तरी येतो.

माझा नवरा शिरीष दारात उभा राहून गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत होता. तो भांडत नाही. कोणाशीच नाही. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना ‘आता नीट दिसतंय का’ विचारायचं आणि घरी येऊन पेपर वाचायचा. मी भडकले की तो गप्प बसतो, माझं ओसरलं की चहा करतो. माझ्यासारख्या बाईला दुसरा कोणी झेपलाही नसता.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या. घोट घेत होत्या, थांबत होत्या, पुन्हा घोट घेत होत्या. स्वतःच्या साड्यांवर काय चाललंय ते त्या बघत होत्या की नाही, सांगता येत नव्हतं. ओठांची सालं निघाली होती. भांगात टाळू दिसायला लागली होती.

या बाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली होती. निम्म्या सांगलीचे नंबर तोंडपाठ. निवृत्त झाल्यावरसुद्धा कॉलनीतली माणसं खिडकीशी येऊन विचारायची, “शेटेबाई, तो मिरजेचा बोअरवेलवाला?” आणि आई भाजी चिरता चिरता नंबर सांगायच्या. जीभ तर अशी, की माझ्यासारखीलाही दोनदा विचार करून तोंड उघडावं लागे. आमची दोघींची रोज खडाजंगी व्हायची. वरणाला फोडणी कशाची, वॉशिंग पावडर किती, विषय काहीही चालायचा. कॉलनीत लोकांना वाटायचं आमचं पटत नाही. मला त्या भांडणाशिवाय जेवण गोड लागत नव्हतं, हे मी कोणाला सांगायला गेले नाही.

होळीनंतर ते भांडण बंद झालं. मी काही बोलले की आई नुसत्या बघत राहायच्या. गॅस चालू ठेवून अंगणात जाऊन बसायच्या. जेवण तुटलं, पोट साफ होईना, आणि सारखी लघवी. एकदा अंथरुणात झाली तेव्हा मला त्यांनी “अक्का, आईला सांगू नको” म्हणून विनवलं. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जाऊन जमाना झाला होता तिला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, “वय झालं. असंच चालायचं. मेंदू आक्रसत जातो.” स्मरणशक्तीची एक गोळी लिहून दिली. रक्त तपासू या, असं काही ते म्हणाले नाहीत. भाऊजींनी केंद्र शोधून काढलं. शिरीष आधी “बघू” म्हणाला, मग “बघू या” म्हणाला, मग “ठीक आहे” म्हणाला. मी एकटी नको नको म्हणत राहिले, पण मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. “मग दिवसा कोण बघणार, तू?” असं भाऊजी विचारायचे.

“औषधं राहिली,” माणिकताईंना आठवलं. “चालू असलेली सगळी औषधं बरोबर आणा म्हणालेत. वैजयंती, जरा बघतेस?”

मी आईंच्या खोलीत गेले. त्यांचं कपाट त्या कोणाला उघडू देत नसत, त्यामुळे आत काय आहे ते मी पहिल्यांदाच बघत होते. मधल्या कप्प्यात बाटल्या होत्या. तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूलची एक. हिरव्या कॅप्सूलची एक. कॅल्शियमच्या गोळ्यांची एक. शक्तीच्या गोळ्यांचा मोठा डबा. दुधात घालायच्या पावडरीच्या पुड्यांची खोकी, एकावर एक रचलेली. बाजूला तुपाची छोटी बरणी आणि चमचा. आणि जवळजवळ प्रत्येक बाटलीवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही सगळी वाणं होती.

त्या वर्षी आमच्या कॉलनीला व्हिटॅमिनचं वेड लागलं होतं. माणिकताई कुठल्याशा कंपनीच्या एजंट झाल्या होत्या, त्यांचं बघून आणखी दोघी झाल्या. औषध दुकानवाल्या बाईंच्या घरी पुड्या फुकटच पडलेल्या. त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी चमचे, गाळण्या, डबे लुटलेच नाहीत. घरोघरी तब्येतीचं वाण. मलाही मिळालं होतं, मी ते लायब्ररीतल्या शिपाईमावशींना देऊन टाकणार होते तर माणिकताई म्हणाल्या होत्या, “घे गं, व्हिटॅमिनने काय होतंय?” मी काही घेतलं नव्हतं. आई मात्र रथसप्तमीपर्यंत एक घर चुकवत नसत. आणि वाण नाकारायचं नाही, टाकायचंही नाही, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं.

मी सगळं एका पिशवीत भरलं आणि हॉलमध्ये येऊन माणिकताईंसमोर सतरंजीवर रिकामं केलं.

“हे काय?”

“अगं, हे माझं वाण!” पिवळ्या कॅप्सूलची बाटली उचलून त्या खूश झाल्या. “आई घेत होत्या? मला बोलल्या नाहीत त्या. पण फार छान असतं हं हे, माशाच्या यकृताचं तेल. दृष्टी, हाडं, सगळ्याला.”

“आणि हे हिरवं?”

“ते मीच दिलं मागच्या महिन्यात. केस फार गळायला लागले ना त्यांचे, म्हणून ई. आणि अशक्तपणासाठी तो मोठा डबा.”

“केस गळले की बाटली. गळून गेल्या की डबा. ओठ फाटले की आणखी काय आणणार होतात?”

“वैजयंती, मी चांगल्यासाठीच दिलं ना!”

“कोणाच्या चांगल्यासाठी?”

“ए, बास,” भाऊजी मध्ये पडले. “फक्त व्हिटॅमिनच आहेत ना ती? विष तर नाही दिलं कोणी. उशीर होतोय.”

एवढ्यात आईंच्या हातातला तांब्या खाली पडला. त्या पुढे वाकल्या आणि भडभडून ओकल्या. प्यायलेलं सगळं पाणी नाव घातलेल्या साड्यांवर. मी धावले, तोवर त्या खुर्चीतून घसरल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. त्या नुसत्या “हं” म्हणत होत्या.

“गाडीत घ्या,” भाऊजी म्हणाले. “केंद्रात डॉक्टर असतात. तिथेच दाखवू.”

“केंद्रात? मिरजेला मोठी हॉस्पिटलं पडली आहेत आणि तुम्ही ओकणारी बाई केंद्रात नेणार? नाव घातलेल्या कपड्यांसकट?”

“अगं, तिथे सगळी सोय आहे...”

“गाडी मिरजेला जाईल. नाहीतर मी चौकातून रिक्षा आणते आणि जाताना सगळ्या कॉलनीला ओरडून सांगत जाते की शेट्यांची पोरं आईला कुठे टाकायला निघालीत.”

मी हे खरंच केलं असतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. शिरीषने आईंना उचललं. मी बाटल्या पुन्हा पिशवीत कोंबल्या. त्यात काय आहे ते मला तरी कुठे कळत होतं? मला माणिकताईंच्या तोंडावर त्या कोणाला तरी दाखवायच्या होत्या, एवढंच.

मिरजेच्या हॉस्पिटलात मुल्ला मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आईंना तपासलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं आणि विचारलं, “औषधं कोणती चालू आहेत?”

“बीपीची आहे एक,” भाऊजी म्हणाले. “आणि स्मरणशक्तीची. बाकी काही नाही.”

मी पिशवी टेबलावर उपडी केली. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि एकेक बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. वाचून झालेली बाटली त्या डाव्या हाताला ठेवत होत्या. सगळ्याच बाटल्या डाव्या हाताला गेल्या, एक हिरवी तेवढी वेगळी राहिली.

“या पुड्या कशा घेतात?”

कोणालाच माहीत नव्हतं. खोक्यावर ‘आठवड्यातून एकदा’ असं छापलेलं होतं. मॅडमनी रिकाम्या पुड्या बघितल्या, आईंनी त्याही नीट घडी घालून त्याच खोक्यात ठेवल्या होत्या.

“रोज घेत असणार,” मॅडम म्हणाल्या. “रक्ताचं येऊ द्या.”

दुपारी रिपोर्ट आला. आईंच्या रक्तात कॅल्शियम नको इतकं चढलं होतं. मूत्रपिंडं दमली होती.

“डोकं बिघडलं ते म्हातारपणाने नाही,” मॅडमनी सांगितलं. “कॅल्शियम इतकं वाढलं की तहान, लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, सगळं होतं. आणि हे चढलं डी व्हिटॅमिनमुळे.”

“पण व्हिटॅमिनने कधी...” माणिकताई म्हणाल्या. “जास्त झालं तर लघवीतून निघून जातं ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलंय.”

“बी आणि सी पाण्यात विरघळतात, ती बरीचशी जातात. ए, डी, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात. ती शरीरात साठून राहतात.” त्यांनी डावीकडच्या बाटल्यांवर बोट ठेवलं. “या तेलात ए आणि डी. या मोठ्या डब्यात ए आणि डी. या कॅल्शियमच्या गोळीत डी. आणि पुडीत तर आठवडाभराचं डी एकदम, ते यांनी रोज घेतलं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत तेच. ओठ फाटणं, केस जाणं हे ए जास्त झाल्याचं दिसतंय.”

“आणि तूप?” मी विचारलं. “बरणी होती शेजारी. चमचा पण.”

“स्निग्ध पदार्थाबरोबर ही जास्त चांगली अंगी लागतात. त्यांना कोणीतरी बरोबर सांगितलं.” त्या पहिल्यांदा जराशा हसल्या, पण ते हसू आनंदाचं नव्हतं. “डी कमी असेल तर द्यावंच लागतं. पण रक्त तपासून, ठरवून, ठरलेल्या मुदतीपुरतं. आणि दुसऱ्या डब्यात तेच असेल तर एक डबा बंद करायचा. हे सगळं कोणी एका माणसाने एकत्र बघायला हवं होतं.”

“म्हणजे आई...” शिरीषने विचारलं, “बरी होईल?”

“साठलेलं उतरायला वेळ लागेल. पण डोकं लवकर साफ होईल, अशी आशा आहे.”

मी माणिकताईंकडे वळले. मला त्यांना बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण त्यांनी पर्समधून त्याच पिवळ्या कॅप्सूलची अर्धी संपलेली बाटली काढली आणि मॅडमसमोर ठेवली. “मी पण घेते. आणि त्या पुड्या पण,” त्या म्हणाल्या. आवाजातली साखर कुठल्या कुठे गेली होती. त्यांचंही रक्त काढायला नर्स आली. मी तरीही बोललेच. कॉरिडॉरमध्ये, भाऊजींसमोर, माणसं वळून बघेपर्यंत. कोणाच्या रक्तात काय वाढलंय म्हणून माझा राग कमी झाला नाही. आईंना न तपासता मेंदू आक्रसला म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला, त्यांनी तो उचलला नाही. मग मी भाऊजींना विचारलं, केंद्राला काय कळवताय? ते खाली बघत म्हणाले, “नाही म्हणून कळवतो.”

त्या दिवसांत मी जगावर रागावले होते. शिरीषवर नाही. तो रात्री आईंच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपायचा, भांडं द्यायचा, काढायचा. भावाला त्याने एक शब्द विचारला नाही याचं मला वाईट वाटलं, पण म्हटलं, स्वभाव आहे.

आई हळूहळू वर आल्या. आधी मला ओळखलं. मग पलंगावरून खिडकीबाहेरची पाटी वाचली. एका सकाळी मी मऊ भात घेऊन गेले, पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, “मीठ विसरलीस.”

“विसरले नाही. डॉक्टरांनी कमी सांगितलंय.”

“कमी म्हणजे अजिबात नाही असं कोणी सांगितलं?”

मी मान फिरवली आणि पदराने डोळे पुसले. भांडण परत आलं होतं. मग तो अडवून ठेवलेला सगळा राग माझ्या तोंडून त्यांच्यावरच बाहेर पडला.

“अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही? सगळ्या शहराचे नंबर पाठ करणारी बाई, खोक्यावर आठवड्यातून एकदा असं लिहिलेलं वाचता आलं नाही?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“ओरडू नकोस. शेजारची बाई झोपलीय.” त्यांनी घास खाली ठेवला. “आठवड्याने एक घेऊन कधी पाय सुधारायचे? गुडघे फार दुखत होते थंडीत. जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. म्हटलं, जेवढ्या मिळतायत तेवढ्या घ्याव्यात. लवकर ताकद येईल.”

“घाई कसली होती एवढी? कुठे धावायला जायचं होतं?”

त्या दाराकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाल्या, “भाऊबीजेला तू आणि माणिक पाहुण्यांना सोडायला गेला होतात. माझी ही दोघं पोरं बाहेर बसली होती. मी स्वयंपाकघरात. कॉलनीतल्या मगदुमांच्या आईबद्दल बोलणं चाललं होतं, ती पडली, खुबा मोडला, मग तिला पोरांनी केंद्रात ठेवलं, ते.”

“आणि भाऊजी म्हणाले असणार, आपणही तेच करू. वाटलंच मला. त्यांना तर मी...”

“रमाकांत नाही गं,” आई म्हणाल्या. “शिरीष.”

भाताची वाटी मी स्टुलावर सरकवली.

“म्हणाला, आईचे पाय चालतायत तोवर काळजी नाही. पाय गेले की मात्र आपल्यालाही तेच करावं लागेल, घरी कोण असतं? रागाने नाही म्हणाला. आज भाजी काय आणू विचारतो ना, तसं.” त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली. “मग मी ठरवलं, पाय जाऊ द्यायचे नाहीत. काही झालं तरी नाही. संक्रांतीला घरोघरी या गोळ्याच मिळायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, चला, आपली सोय झाली. घरात कोणाला सांगितलं नाही. पाय दुखतायत हे कळायला नको होतं ना.”

“आई...”

“त्याला काही बोलू नकोस. शपथ आहे. तो चांगला आहे.”

मी शपथेला हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. तेवढ्यात दार उघडून शिरीषच आत आला. दाढी केलेली, हातात मोसंब्यांची पिशवी, चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला. “काय म्हणतात पेशंट?” त्याने विचारलं.

आईंनी अंगावरची चादर बाजूला सारली. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पाय खाली सोडले, सलाईनचा स्टँड धरला आणि उभ्या राहिल्या. गुडघे लटपटत होते. स्टँड ढकलत त्या खिडकीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. सगळा वेळ त्या शिरीषच्या तोंडाकडे बघत होत्या. श्वास लागला होता तरी तोंड मिटून घेतलं होतं, दमल्याचं त्याला दिसू नये म्हणून.

“वा, आई! फर्स्ट क्लास!” त्याने पिशवी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

“अजून एकदा जाऊन दाखवू?” आईंनी विचारलं.

मी त्यांना धरून पलंगावर बसवलं. त्यांनी माझा पदर घट्ट पकडला आणि मानेनेच नको नको म्हटलं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

“बाहेर चल,” मी शिरीषला म्हणाले.